लांब शिट्टीच्या आधीचा ताशा

आमच्या कॉलेजचा खो-खोचा संघ हरायचा, यात कुणाला नवल वाटत नसे. नवल वाटायचं ते हरण्याच्या पद्धतीचं. सुरुवातीपासून सरळ मार खाऊन हरणं आमच्या मुलांना कधी जमलंच नाही. ती शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे असायची, आम्ही रेषेबाहेर उड्या मारत असायचो, पेढे कुठल्या दुकानातून आणायचे यावर आमच्यात दोन तट पडलेले असायचे, आणि मग काहीतरी व्हायचं. एका वर्षी आमचा सगळ्यात चपळ गडी मैदानात शिरलेल्या कुत्र्याला चुकवायला म्हणून थेट रेषेबाहेर गेला आणि बाद झाला. कुत्रं मात्र सामना संपेपर्यंत आत होतं. दुसऱ्या एका वर्षी शेवटच्या क्षणी सूर मारून आमच्या पोरानं समोरच्याच्या टाचेला हात लावलेला आम्हा सगळ्यांना दिसला. फक्त पंचांना दिसला नाही.

मैदानाच्या कडेला एक आजोबा रोज संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन बसायचे. समोरच्याच इमारतीत राहायचे. आम्ही माना खाली घालून निघालो की ते म्हणायचे, "हरलात ना? छान. आता घरी जाऊन पुस्तक उघडा. तिथं कुत्रं येत नाही."

मी पुण्यात आलो तेव्हा शहरभर भिंतींवर कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती होत्या. चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ होते आणि गच्च्यांवर केबलच्या छत्र्या उगवत होत्या. जग उघडतंय असं सगळे म्हणत होते. माझ्यासाठी ते खरोखरच उघडत होतं, कारण आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिला. वडील तालुक्याच्या एसटी डेपोत मेकॅनिकच्या हाताखाली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी स्वतः पुण्याला येऊन माझ्या होस्टेलची सोय केली, आणि परत जाताना स्वतःच्या गळ्यातला मफलर माझ्या गळ्यात घातला. त्या माणसाला मी नीट धन्यवादही म्हटलं नाही. तेव्हा तो शब्द तोंडातून निघायची सवय नव्हती.

पहिल्या दिवशी कॉलेजात मी एका मुलाला विचारलं, "पानी कुठं हाय?"

त्यानं मला खालून वर पाहिलं. "पाणी जिन्याखाली आहे. पानी मात्र आमच्याकडे मिळत नाही. मागवावं लागेल."

आजूबाजूची मुलं हसली. माझे कान तापले. पण तोच मुलगा मला जिन्याखाली घेऊन गेला, पेला विसळून दिला, आणि संध्याकाळी म्हणाला, "चल, तुला हरायला घेऊन जातो." तो कसबा पेठेतला. वडील तांबट आळीत तांब्याची भांडी ठोकायचे, त्यामुळे ठोक्यांच्या आवाजातच तो लहानाचा मोठा झालेला. गणपतीत त्यांच्या पेठेच्या पथकात तो ताशा वाजवायचा, आणि गणपती संपले की उरलेलं वर्ष बाकावर बोटांनी वाजवायचा. त्याला मी ताशावालाच म्हणणार आहे, कारण कॉलेजातही त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही.

असा मी खो-खोला लागलो. खेळायला नाही, ओरडायला. वर्गात मी प्रत्येक शब्द तोलून बोलायचो. मैदानाच्या कडेला मात्र ‘पळ पळ पळ’ एवढंच बोलावं लागे, आणि ते गावाकडे आणि पुण्यात सारखंच बोलतात. त्या मैदानाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझा रूम पार्टनर त्या संघात होता. त्याचं गाव आमच्या तालुक्याच्याही पलीकडे, वडिलांची पिठाची गिरणी. अंगानं काटकुळा, पण पाठलाग करणाऱ्याचा हात जिथं पडायचा तिथून तो नुकताच निघून गेलेला असायचा. बाद झाला तरी हसायचा, नाही झाला तरी हसायचा. फक्त गणिताचं पुस्तक उघडलं की त्याचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

पहिल्या वर्षाचं गणित त्याचं राहिलं होतं. दुसरं वर्ष संपेपर्यंत ते सुटलं नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. घरी त्यानं ते सांगितलं तेव्हा वडील रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मग गिरणीवर ये. दळण घ्यायला मानूस पायजेच हाय." हे न रागावणंच त्याला जास्त लागलं होतं.

पण त्याच्याकडे एक वाट होती. संघ आमच्या विभागाची अंतिम लढत जिंकून पुढच्या स्पर्धेत खेळला, तर खेळाडूंना परीक्षेत खेळाचे काही वाढीव गुण मिळायचे, आणि अडलेल्या विषयात ते उपयोगी पडायचे. होस्टेलच्या प्रत्येक खेळाडूला अभ्यासक्रमापेक्षा हा नियम जास्त पाठ.

"तुला कमी किती पडतात?" मी त्याला एकदा विचारलं.

"जेवढे खेळाचे मिळत्यात तेवढेच," तो म्हणाला. "हिशेबानं नापास झालोय मी."

"आणि हरलात तर?"

"गणित मी मैदानात सोडवणार हाय. तू आपला ओरड."

त्या वर्षी डिसेंबरात आम्ही पुन्हा अंतिम लढतीत पोचलो. ताशावाल्यानं ठरवलं की या वेळी पेठेतून वाद्यं आणायची. जिमखान्याच्या सरांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. जिमखान्याचे सर म्हणजे खेळांचे सर. गळ्यात शिट्टी, पायात कायम पांढरे बूट, आणि आवाज असा की त्यांना शिट्टीची गरजच नसायची.

"खो ऐकू आला पाहिजे," सर म्हणाले. "खो ऐकू आला नाही तर बसलेला गडी उठणार कसा? खेळ चालू असताना एक काडी जरी वाजली तरी मी तुम्हाला मंडईत सोडून येईन. वांग्यांसमोर वाजवा."

"मग कधी वाजवायचं, सर?"

सर थांबले. त्यांना आदल्या वर्षीचा उपांत्य सामना आठवला असणार. त्या सामन्यात पंचांनी एका चुकीसाठी आखूड शिट्टी दिली होती, आणि आमच्या पळणाऱ्याला ती वेळ संपल्याची लांब शिट्टी वाटली होती. तो थांबला, आणि बाद झाला. गर्दीच्या आवाजात आखूड काय नि लांब काय, कळायचं नाही.

"हे बघा," सर म्हणाले. त्यांनी संघालाही बोलावून घेतलं. "लांब शिट्टी झाली, मी हात वर केला, की ढोल वाजेल. त्याआधी नाही. आणि तुम्ही पळणाऱ्यांनो, शिट्टीचा विचारच करायचा नाही. कितीही शिट्ट्या वाजू देत, पळत राहायचं. ढोल वाजला की थांबा. कळलं? शिट्टी नाही, ढोल."

सगळ्यांना ते फार आवडलं. अजूनही मला वाटतं, योजना उत्तम होती.

मला ढोल हवा होता. तालमीला ताशावाल्यानं माझ्या हातात टिपरू दिलं, थोडा वेळ माझं वाजवणं ऐकलं आणि ते काढून घेतलं. "तू चपला सांभाळ," म्हणाला. "तुझ्या हातात ताल येणं म्हणजे वारज्याला वेळेवर बस येणं."

यावर आमच्या वर्गातली एक मुलगी मागून म्हणाली, "वारज्याची बस आज वेळेवर आली होती. तुझी तालीमच उशिरा सुरू झाली." ती वारज्याहून यायची. तेव्हा वारजे म्हणजे गावाबाहेर. मधे मोकळी शेतं लागायची. वडील सरकारी कचेरीत. ती गणितात वर्गात पहिली, आणि हे तिला माहीत असूनही ती चांगली होती. सामन्यांना ती यायची आणि आमच्यासारखं ओरडायची नाही. नीट बघायची. त्यामुळे पुढे जेव्हा जेव्हा वाद झाले तेव्हा साक्ष तिचीच काढली गेली.

सामन्याच्या दिवशी मैदान ओळखू येत नव्हतं. देशात नव्यानं आलेल्या एका शीतपेयाच्या कंपनीनं चारी बाजूंना लाल कापडं लावली होती. लाउडस्पीकर होता. आजोबांच्या खुर्चीमागेही एक लाल कापड होतं, आणि ते कंपनीच्या माणसाला सांगत होते, "मला पाणी चालेल. साधं. तेही घरून आणलंय."

आमचे तीन ढोल आणि एक ताशा मैदानाच्या एका टोकाला, खांबामागे उभे. ढोल वाजवणारी मुलं पेठेच्याच पथकातली, ताशावाल्याच्या हाताखाली तयार झालेली. मी त्यांच्या शेजारी चपलांच्या ढिगाजवळ. समोर नदीपलीकडच्या कॉलेजचा संघ.

सामना कसा झाला ते सगळं सांगत नाही. शेवटच्या डावावर येतो. पाठलाग त्यांचा, पळती आमची. आम्ही एका गुणानं पुढे. आमची शेवटची तुकडी मैदानात होती, तिच्यातला एक बाद झाला होता आणि दोघं उरले होते. माझा रूम पार्टनर, आणि त्याच्या जोडीला संघाचा कॅप्टन. एक बाद झाला असता तर बरोबरी, दोघंही झाले असते तर हार. पण त्या दिवशी रूम पार्टनर असा पळत होता की बाद होणं हा प्रकार त्याच्या कानावर कधी आलाच नसावा. खांबाला वळसा, मधल्या पाटीवर ओळीनं बसलेल्या दोघांच्या मधून पलीकडे, पुन्हा अलीकडे. नदीपलीकडचे लोकसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. पंच घड्याळाकडे बघायला लागले. आमच्यातला एकजण रडायला लागला होता, आनंदानं, आगाऊ.

इथं ताशाविषयी सांगायला हवं. ताशाचं पान चामड्याचं. थंडीत ते सैल पडतं, मग आवाज फुसका येतो. म्हणून वाजवायच्या आधी ते शेकतात, आणि शेकल्यावर तापलं की नाही ते बघायला काडी टेकवून पाहतात. ताशावाल्यानं सामन्याआधी कागद पेटवून पान शेकलं होतं, पण डिसेंबरची संध्याकाळ होती, ऊन उतरलं होतं. त्याला काळजी लागली. हरण्याची नाही. जिंकल्यावर ताशा फुसका वाजला तर पेठेत तोंड कसं दाखवायचं, याची.

त्यानं काडी टेकवून पाहिली. हळूच टेकवायची होती. पण हात गारठलेले, त्यात समोर आमचा गडी खांबापाशी निसटलेला, अंगात सगळं उसळत होतं. काडी नुसती टेकली नाही. तर्री निघाली. तर्री म्हणजे ताशाचा तो सलग खणखणाट, ज्यानं गणपतीत आख्खी गल्ली अंगणात येते. पान उत्तम तापलेलं होतं.

आणि पथकात एकच गोष्ट शिकवतात: ताशाची तर्री आली की ढोलानं विचार करायचा नाही, टोल द्यायचा. त्या तीन मुलांना ते शिकवलं कुणी? यानंच. तिघांनी विचार केला नाही. टोल पडला. असा सुंदर, एकजीव टोल त्यांनी गणपतीतही दिला नसेल.

माझा रूम पार्टनर थांबला. त्यानं दोन्ही हात वर केले. कॅप्टन पलीकडून धावत आला आणि त्यानं त्याला मिठी मारली. दोघं मैदानाच्या मधोमध, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे.

नदीपलीकडच्या कॉलेजचा पाठलाग करणारा मुलगा क्षणभर बावचळला. मग त्यानं पंचांकडे पाहिलं. पंचांनी शिट्टी तोंडाला लावलेली नव्हती. तो पोरगा चालत, अक्षरशः चालत पुढे आला आणि त्यानं एक हात एकाच्या पाठीवर ठेवला, दुसरा दुसऱ्याच्या. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, तिसरा मित्र अभिनंदन करायला आलाय.

दोन आखूड शिट्ट्या झाल्या. आणि मग लांब.

ढोल कधी थांबले मला आठवत नाही. सर पांढऱ्या बुटांत तसेच उभे होते, हात अर्धा वर गेलेला. आजोबा खुर्चीतून उठले होते. मी त्यांना पहिल्यांदाच उभं पाहिलं. आम्ही समोरून गेलो तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, आणि ते फार वाईट होतं.

रूम पार्टनर कपडे बदलून आला. मी त्याच्या चपला पुढे केल्या. "हरलो व्हय?" तो म्हणाला. त्याला माहीत होतं, तरी विचारलं. मेसमध्ये जेवताना एकदम हसला आणि म्हणाला, "मिठी मारायला नको होती. एकजण तरी वाचला असता."

ताशावाला आठवडाभर कॉलेजात दिसला नाही. आला तेव्हा सरळ आमच्या होस्टेलपाशी आला, बरोबर वारज्याची ती. होस्टेलवर मुलींना परवानगी नव्हती, म्हणून ती फाटकाबाहेर उभी आणि हा खिडकीखालून ओरडतोय, "खाली ये. गणिताचं पुस्तक घेऊन ये."

आम्ही दोघं खाली गेलो. ताशावाला रूम पार्टनरकडे बघत नव्हता, फाटकाच्या कडीकडे बघत होता. माफी वगैरे मागण्याची त्यांच्या पेठेत पद्धत नसावी.

"ही तुला शिकवणार," तो म्हणाला.

"मी विचार करीन म्हणाले होते," ती म्हणाली.

"केलास ना?"

"बसची अडचण आहे. कॉलेज सुटल्यावर शिकवायला थांबले तर माझी बस जाते."

"मी सोडीन स्कूटरवर. रोज. परीक्षेपर्यंत."

ती रूम पार्टनरकडे वळली. "तुम्हाला शिकायचं आहे का? की हाच ठरवतोय?"

त्यानं पुस्तक पुढे केलं. "मला गिरणीवर नाय जायचं," तो म्हणाला. त्या एका वाक्यात सगळं आलं. ती म्हणाली, "मग अगदी पहिल्या धड्यापासून."

कॉलेजच्या कँटीनमध्ये रोज तास भरायचा. मीही बसायचो, माझं गणित सुटलेलं होतं, पण ती शिकवायला लागल्यावर कळलं की ते नुसतंच सुटलेलं होतं. ती कधी आवाज चढवायची नाही. चूक झाली की म्हणायची, "हे तुम्हाला आवडलं असेल, पण उत्तर नाही." ताशावाला दुसऱ्या टेबलावर बोटं वाजवत बसायचा. ती म्हणायची, "ते बंद." तो बंद करायचा. मग तिला स्कूटरवर बसवून वारज्याला सोडून यायचा. त्या दोघांचं पुढे काही जुळलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. ती म्हणायची, त्या स्कूटरच्या आवाजात माणसाला दुसरं काही सुचणंच शक्य नाही.

एप्रिलात परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. माझ्या रूम पार्टनरचे गुण भरपूर वाढले होते, आणि तरी तो नापास होता. थोडक्यात. खेळाचे गुण असते तर सुटला असता. हे आमच्यातल्या कुणी बोलून दाखवलं नाही. निकालाच्या फलकासमोर सगळ्यांनी ती बेरीज मनातल्या मनात केली, एवढंच.

त्यानं ट्रंक भरली. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. एसटी सुटताना खिडकीतून म्हणाला, "दळण आणायला ये कधी तरी." मी परत येऊन त्याच्या रिकाम्या कॉटवर बसून राहिलो. त्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला गेलो. आमच्या घरात आजवर कुणी एवढं शिकलं नव्हतं, आई-वडिलांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले, आणि मी माझ्या वाटचा पेढा तसाच डब्यात परत ठेवला.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा देता येत होती. पण खेड्यात, गिरणीच्या घरघरीत, तो एकटा काय करणार? वारज्याच्या तिनं ते सोपं केलं. "रविवारी गिरणी बंद असते का?" तिनं मला विचारायला सांगितलं. मी गावच्या एसटीडी बूथवर निरोप ठेवला. उत्तर आलं, बंद नसते, पण वडील एकटे सांभाळतील. वडिलांनी स्वतःच सांगितलं होतं म्हणे, "जा. मी घेतो दळण."

मग दर रविवारी तो पहाटेची एसटी पकडून यायचा, केसांच्या मुळाशी पीठ तसंच. ताशावाला त्याला स्टँडवरून उचलायचा आणि वारज्याला तिच्या घरी सोडायचा. मीही बसनं तिथं पोचायचो. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली अभ्यासाचं टेबल. त्या टेबलावर पुस्तकांशिवाय काही ठेवायला त्यांच्या घरात बंदी, चहाचा कपसुद्धा नाही. तिचे वडील वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि जाताना म्हणायचे, "बसा. घाई नाही." तिची आई दुपारी आम्हा सगळ्यांना जेवायला वाढायची. तसं कालवण मी त्यानंतर कुठं खाल्लं नाही. परक्या माणसाच्या पोराचं गणित सुटावं म्हणून एक आख्खं घर रविवारी हळू बोलत होतं. मला पुणं म्हटलं की पहिल्यांदा ते घर आठवतं.

ऑक्टोबरात तो पास झाला. मोठ्या गुणांनी वगैरे नाही, पण स्वतःच्या. निकाल बघितल्यावर त्यानं हात वर केले नाहीत की काही नाही. म्हणाला, "गुणपत्रिका हातात येऊ दे." ती आल्यावरही त्यानं ती आधी तिला तपासायला दिली. तिनं वाचली आणि म्हणाली, "आता चालेल."

वर्ष गेलं ते गेलंच. तो पुढच्या जूनला परत आला, आमच्या मागून पदवीधर झाला, बँकेची परीक्षा दिली आणि चक्क लागला. आता दिवसभर आकड्यांतच असतो. मी हिंजवडीला एका कंपनीत चिकटलो, ताशावाला दुसऱ्या कंपनीत, वारज्याची ती आमच्या दोघांच्याही साहेबांची साहेब होईल अशा जागी. वारज्याला आता शेतं नाहीत. बस मिळते, पण पुढे सरकत नाही.

वर्षातून एकदा आम्ही चौघं जेवायला भेटतो. तेव्हा तो सामना निघतोच. दर वर्षी तो थोडा वेगळा असतो. ताशावाल्याच्या आठवणीत त्यानं तर्री दिलीच नव्हती, वाऱ्यानं काडी हलली. माझ्या आठवणीत तो पाठलाग करणारा मुलगा दर वर्षी अधिकच सावकाश चालतो. वारज्याची ती म्हणते की तो धावतच आला होता, आणि मी हे सगळं उगाच रंगवतो. असेल. ती नीट बघायची.

मागच्या वेळी पहिल्यांदाच रूम पार्टनर मधे बोलला. तो सहसा ऐकून घेतो आणि हसतो. आता त्याची भाषाही बदललीय, बँकेतली झालीय.

"तुम्ही सगळे कडेला होतात," तो म्हणाला. "आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही."

"काय झालं?" ताशावाल्यानं विचारलं. त्याची बोटं टेबलावर थांबली.

"ढोल वाजला. मी हात वर केले. कॅप्टननं मिठी मारली. त्या पोराचा हात पाठीवर पडेपर्यंत जेवढा वेळ गेला ना, तेवढा वेळ माझं गणित सुटलं होतं. तिसऱ्या वर्षाला प्रवेश झाला होता. वडिलांना सांगूनसुद्धा झालं होतं माझं."

वेटर आला, ताशावाल्यानं त्याला हातानंच थांबवलं.

"ऑक्टोबरात खरंच पास झालो, तेव्हा तसं वाटलं नाही," तो म्हणाला. "तेव्हा फक्त हुश्श वाटलं. तसं एकदाच वाटलं, तिथं. मग रविवारी एसटीत बसलो की मला तेच आठवायचं. म्हणायचो, ते पुन्हा पाहिजे."

ताशावाल्यानं मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो त्या विषयावर त्याच्या डोळ्यांत बघून कधी बोलला नव्हता.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मी बरोबर वेळेवर वाजवला."

"अजिबात नाही," वारज्याची ती म्हणाली. "आणि आत्ता तर म्हणत होतास, वाऱ्यानं काडी हलली."

रूम पार्टनर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं. मग ताशावाला म्हणाला, "भात मागवू या का?" आणि आम्ही भात मागवला.